विज्ञानकेंद्र आणि गावची शाळा

(मंडळाच्या कामठा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या वार्षिक संमेलनात शिक्षणावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. शिक्षण हा विषय फार मोठा, आणि आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तेव्हा सगळ्या विषयाला हात घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तीसहून अधिक वर्षे प्राथमिक शाळेत हाती खडू धरल्यावर जो एक प्रश्न आमच्या मनात राहून गेला, तेवढाच आपणांपुढे ठेवतो. नागपुरास एक उत्तम विज्ञानकेंद्र आहे, आणि आपल्या गावोगावी शाळा आहेत. मग या दोहोंचा संबंध वर्षातील एका दिवसाच्या सहलीपुरताच का असावा?

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, वधू-वर परिचय आहे, हिशेबाचे वाचन आहे. त्यांत हा विषय कोठून आला, असे कोणास वाटेल. आमचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर हा विषय या तिन्ही कार्यक्रमांशी निगडित आहे हे आपल्या ध्यानात येईल, अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम विज्ञानकेंद्र म्हणजे काय, ते पाहू. आपल्या वाडवडिलांना नागपूरचा अजब बंगला ठाऊक होता. १८६३ मध्ये स्थापन झालेले ते मध्यवर्ती संग्रहालय होय. लोकांनी त्यास अजब बंगला म्हटले, आणि ते नाव यथार्थच होते. आत गेलेला मनुष्य आश्चर्याने तोंडात बोट घालूनच बाहेर पडे. तेथे वस्तूस हात लावण्याची मनाई असते, व ती योग्यही आहे, कारण पुरातन वस्तू हाताळल्याने नाश पावते. विज्ञानकेंद्राची रीत नेमकी याच्या उलट. तेथे हात लावल्यावाचून वस्तू बोलतच नाही. कळ दाबावी, चाक फिरवावे, दोरी ओढावी, भिंगातून पाहावे, आणि मग ‘असे का झाले?’ हे स्वतःस विचारावे. अजब बंगल्यात आश्चर्य हा शेवट असतो. विज्ञानकेंद्रात आश्चर्य हा प्रारंभ असतो.

आपल्या देशात या प्रकारच्या संस्थांचा पाया कलकत्त्यास घातला गेला. तेथील बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये उघडले. सर्व मुले कलकत्त्यास येऊ शकत नाहीत हे ध्यानात घेऊन त्या संग्रहालयाने १९६५ मध्ये मोटारगाडीवर बसविलेले फिरते प्रदर्शन खेड्यांकडे धाडण्यास आरंभ केला. पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईस वरळी येथे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये, आणि आपल्या नागपुरास गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १९९७ मध्ये तेथे तारांगणही आले. गोंदियाहून आगगाडीने सुमारे १३० किलोमीटर अंतरावर हे सर्व आहे. आमच्या बालपणी यातील काहीच नव्हते. आजच्या मुलांस ते लाभले आहे, हे त्यांचे भाग्य होय.

या केंद्रास ज्यांचे नाव दिले आहे, त्या सर चंद्रशेखर वेंकट रमण यांच्या चरित्रात आमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. रमण हे १९०७ साली कलकत्त्यास आले ते प्राध्यापक म्हणून नव्हे, तर सरकारच्या हिशेब खात्यातील अधिकारी म्हणून. दिवसभर कचेरीत आकडे तपासावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. परंतु त्या शहरात एक संस्था होती. डॉ. महेंद्रलाल सरकार नावाच्या एका वैद्यकाने १८७६ मध्ये लोकांकडून देणग्या गोळा करून ती स्थापिली होती. हिंदी लोकांनी विज्ञानाचे अध्ययन स्वतःच्या हातांनी करावे, हा तिचा हेतू. रमण तिच्या दारी गेले, आणि दार उघडले गेले. सकाळी कचेरीपूर्वी आणि सायंकाळी कचेरीनंतर ते तेथे प्रयोग करीत. १९१० च्या सुमारास त्यांची काही काळ आपल्या नागपुरासही बदली झाली होती. १९१७ मध्ये ते सरकारी नोकरी सोडून विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा त्यांचा शोध पूर्ण झाला आणि १९३० मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून आपण २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, तो याच शोधाप्रीत्यर्थ.

या कथेतून लोक बहुधा रमण यांची बुद्धिमत्ता तेवढी घेतात. ती तर होतीच. परंतु त्या बुद्धिमत्तेस रोज सकाळ-सायंकाळ उघडे असणारे एक दार मिळाले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आणि ते दार लोकांच्या वर्गणीतून उभे राहिले होते. रमण जर वर्षातून एकच दिवस रांगेत उभे राहून ती संस्था पाहून आले असते, तर आज नागपूरच्या केंद्रास त्यांचे नाव लागले असते काय?

आता आपल्या सहलीकडे वळू. पहाटे मुले गोळा होतात. डबे बांधलेले असतात, नवे कपडे घातलेले असतात. नागपुरास उतरल्यावर दीक्षाभूमी, महाराजबाग, विज्ञानकेंद्र व तारांगण हे सर्व एका दिवसात उरकावयाचे. केंद्रात साठ-सत्तर मुले एकदम शिरतात. दहा प्रतिकृतींच्या कळी एकाच वेळी दाबल्या जातात. गुरुजींचे सारे लक्ष मुले मोजण्यात गुंतलेले, आणि ते स्वाभाविक आहे, कारण एक मूल हरवले तर सहलीचा सारा आनंद मातीस मिळतो. दोन तासांनी शिट्टी वाजते. दुसऱ्या दिवशी ‘आम्ही पाहिलेले विज्ञानकेंद्र’ या विषयावर निबंध होतो आणि त्यात ‘आम्हांला खूप मजा आली’ हे वाक्य हटकून असते. मजा आली हे खरेच, आणि तिला आमची हरकत नाही. मूल प्रथमच रेल्वेत बसते, प्रथमच एवढे मोठे शहर पाहते. त्याचे मोल आम्ही जाणतो. तथापि ज्या प्रतिकृतीपुढे मूल क्षणभर थबकले होते, तिचा पुढे वर्गात कोणी उल्लेख करीत नाही. बी पडले, पण पाणी कोणी घातले नाही, अशी ती गत होते.

यात शिक्षकाचा दोष नाही. शिक्षकास केंद्राची आधी ओळख नसते, केंद्रास शाळेची ओळख नसते, आणि गावास दोहोंशी कर्तव्य नसते. आम्ही ज्या शाळांत नोकरी केली, त्यांपैकी एका शाळेत विज्ञानसाहित्याने भरलेले एक कपाट होते. लोहचुंबक, परीक्षानळ्या, भिंगे, एक लहानसा सूक्ष्मदर्शकदेखील त्यात होता. परंतु ते कपाट नेहमी कुलूपबंद. कारण विचारता कळले की, प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढविलेली होती, आणि फुटलेल्या वस्तूची भरपाई आपल्या पगारातून होईल, अशी धास्ती प्रत्येक शिक्षकाने पुढच्या शिक्षकास वारशाने दिली होती. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. अशी कपाटे पुष्कळ गावी असतील. भिंग फुटले तर दुसरे बाजारात मिळते. मुलाचे कुतूहल मात्र एकदा विझले की ते पुन्हा कोणत्याही दुकानी मिळत नाही.

मग करावे काय? जेथे शाळा आणि विज्ञानसंस्था यांनी परस्परांचा हात धरला, तेथे काय घडले, हे पाहिल्यास मार्ग दिसतो. चार-पाच उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण होशंगाबादचे. २०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला जुना भंडारा जिल्हा आणि तो जिल्हा एकाच मध्यप्रदेश राज्यात होते आणि दोहोंची राजधानी नागपूर होती, म्हणून ते आम्हांस परके वाटत नाही. १९७२ मध्ये तेथील केवळ १६ माध्यमिक शाळांतून एक उपक्रम सुरू झाला. दोन स्वयंसेवी संस्थांनी तो हाती घेतला, आणि मुंबई व दिल्ली येथील शास्त्रज्ञ स्वतः खेड्यांत येऊन शिक्षकांसमवेत बसले. पाठ्यपुस्तकातील उत्तरे घोकावयाची नाहीत. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करावयाचा, निरीक्षण लिहावयाचे, आणि वर्गात वाद घालून निष्कर्ष काढावयाचा. परीक्षेतसुद्धा पुस्तक उघडण्यास मोकळीक होती. १९७८ मध्ये तो उपक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांस लागू झाला, आणि पुढे इतर जिल्ह्यांतही पसरला. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली. यातून आम्ही दोन बोध घेतो. खेड्यातील साध्या शिक्षकासही शास्त्रज्ञाची सोबत मिळाल्यास तो उत्तम विज्ञान शिकवू शकतो, हा पहिला. आणि ज्या कार्याची मुळे गावात गेलेली नाहीत, ते वरून आलेल्या कागदाने उपटले जाऊ शकते, हा दुसरा.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये मुंबईस होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिले. त्या केंद्राने आरंभीच्या काळात मुंबई सोडून जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत जाऊन काम केले. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी एक मर्माची गोष्ट दाखवून दिली. मुलास विज्ञान कठीण वाटते ते पुष्कळदा विज्ञानामुळे नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेमुळे. भाषा सोपी केली की तेच मूल उत्तर देऊ लागते. आपल्या भागास हे किती लागू पडते पाहा! आपल्या वर्गात एका मुलाच्या घरी झाडीबोली, दुसऱ्याच्या घरी पोवारी, तिसऱ्याच्या घरी हिंदी, तर चौथ्याच्या घरी गोंडी. पुस्तकात ‘उत्प्लावक बल’ आले की चौघेही सारखेच गप्प. परंतु विहिरीत बुडालेली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी का लागते, असे विचारा. चौघेही एकदम बोलू लागतील.

तिसरे उदाहरण पुण्याचे. आयुका या खगोलशास्त्रीय संस्थेने, जयंत नारळीकर यांच्या प्रेरणेने, शाळकरी मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभारली. तिच्या इमारतीस पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी लाभली आहे. तेथे अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करण्याचे कार्य केले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्या सामग्रीत ते भूमितीच्या आकृती उभ्या करून दाखवीत. हेच गुप्ता तरुण अभियंता असताना १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या त्या उपक्रमात काम करून आले होते. म्हणजे होशंगाबादचा दिवा विझला तरी त्यावर लावलेली वात पुण्यास जळत राहिली. चांगले काम असे वाया जात नाही.

चौथे उदाहरण तर आपल्या नागपूरचेच आहे. तेथे महानगरपालिका आणि मूलभूत विज्ञानशिक्षणास वाहिलेली एक संस्था यांच्या सहकार्याने ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ भरत आलेला आहे. त्यात साध्या, स्वस्त वस्तूंचे प्रयोग मांडलेले असतात. आणि ते समजावून सांगतात महानगरपालिकेच्या शाळांतील मुले-मुली. ज्यांचे आईबाप मोलमजुरी करतात, अशी ही लेकरे मोठमोठ्या शाळांतून आलेल्या पाहुण्यांस हवेचा दाब समजावून देतात. शिकविण्याने विद्या दुप्पट होते, हे आम्ही शिक्षक अनुभवाने जाणतो. ती संधी येथे विद्यार्थ्यासच दिलेली आहे.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. सॅन फ्रान्सिस्को येथे १९६९ मध्ये ‘एक्सप्लोरेटोरियम’ नावाचे जगप्रसिद्ध विज्ञानकेंद्र उघडणारे फ्रँक ओपनहायमर हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये राजकीय कारणावरून त्यांची विद्यापीठातील नोकरी गेली, तेव्हा ते कोलोरॅडो राज्यात जाऊन गुरे पाळू लागले, आणि पुढे तेथील एका लहानशा गावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. त्या शाळेतील अनुभव त्यांच्या गाठी होता. त्यांनी पुढे केंद्र काढले तेव्हा प्रतिकृती समजावून देण्यासाठी शाळकरी मुलेच नेमली. जगातील या थोर विज्ञानकेंद्राच्या पाठीशी एका खेड्यातील शाळा उभी आहे, हे सांगताना आम्हां खेड्यातील शिक्षकांस अभिमान वाटतो.

ही उदाहरणे ऐकून कोणी म्हणेल, ‘आपण केंद्राकडून घ्यावयाचे ते घेऊ, पण आपल्याजवळ द्यावयास काय आहे?’ या प्रश्नाने आमचा समाज उगाच दबून जातो. सोयरीक म्हटली की देणे-घेणे दोन्ही बाजूंनी असते. आणि आपल्याकडे देण्यासारखे विपुल आहे.

आपला हा प्रदेश तलावांचा. मालगुजारी तलावाच्या पाळीत पाणी सोडण्यासाठी जे तुडूम असते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यास निरनिराळ्या उंचीवर भोके असतात. पाणी भरपूर असता वरचे भोक उघडतात, आणि पातळी उतरत जाईल तसतशी खालची. एकदा वर्गात आम्ही पाण्याच्या दाबाचा पाठ शिकवीत होतो. डब्यास तीन उंचींवर छिद्रे पाडली, तर सर्वांत खालच्या छिद्रातून धार अधिक जोराने येते, हे फळ्यावर काढून दाखविले. तोच मागच्या बाकावरील एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, उठून म्हणाला, ‘‘गुरुजी, म्हनूनच आमचा बाप तुडुमाचं खालचं भोक आखरीला उघडते! भरल्या तलावात उघडलं त बोळा बसतच नाही!’’ पाण्याची खोली वाढते तसा दाब वाढतो, हा नियम त्या मुलाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबत होता. फक्त त्यास नियम हे नाव नव्हते. अशी तुडुमाची प्रतिकृती आपल्या मुलांनी करून नागपूरच्या केंद्रात नेऊन दाखविली, तर शहरातील मुलांस ती नवी ठरणार नाही काय?

पेरणीपूर्वी धानाचे बी मिठाच्या पाण्यात टाकावे, असे कृषिखाते सांगते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात बी सोडावे, वर तरंगणारे पोचट बी काढून टाकावे, आणि तळाशी बसलेले भरीव बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवून पेरावे. घनतेचा याहून चांगला पाठ कोणत्या प्रयोगशाळेत आहे? तसाच सारस पक्षी. महाराष्ट्रात तो आज मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी तो घरटे करतो. त्याची मोजणी दरवर्षी होते, आणि तीत गावोगावचे स्वयंसेवक पहाटे उठून भाग घेतात. शेताच्या बांधावर उभे राहून पक्षी मोजणारा, त्याची वेळ व जागा वहीत लिहिणारा विद्यार्थी विज्ञानच करीत असतो, मग त्याच्या अंगात पांढरा कोट नसला तरी चालेल.

आता आपल्या मंडळाशी या सर्वांचा काय संबंध, ते सांगतो. आणि येथे आमचे बोलणे कोणास थोडे कठोर वाटल्यास त्यांनी क्षमा करावी.

मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते. ज्यास नव्वद टक्के गुण पडले, त्यास शाल, श्रीफळ व पाकीट मिळते. ही प्रथा स्तुत्य आहे. परंतु ज्यास नव्वद टक्के पडले, त्याच्यामागे शिकवणी आहे, घरी अभ्यासाची खोली आहे, आणि पुष्कळदा गोंदियाची इंग्रजी शाळा आहे. आपल्यापैकी ज्यांस शक्य झाले, त्यांनी आपली मुले गावच्या शाळेतून काढून तिकडे नेली. हे त्यांच्या अधिकारातले होते. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. पण गावच्या शाळेत आता कोण उरले आहे, ते डोळे उघडून पाहावे. लहान शेतकऱ्याचे, शेतमजुराचे, विडी वळणाऱ्या मायमाउलीचे मूल तेथे उरले आहे. त्यांतील काही आपल्या ज्ञातीची आहेत, काही नाहीत. आणि ज्या शाळेत शिकून आपल्यातील पहिले शिक्षक, पहिले तलाठी, पहिले डॉक्टर निघाले, ती ही शाळा होय. तिचे ऋण आपल्यावर आहे की नाही?

कोणी म्हणेल, ‘मंडळाचा निधी ज्ञातीच्या वर्गणीतून झाला, तो साऱ्या गावाच्या मुलांवर का खर्चावा?’ यास आमचे उत्तर साधे आहे. लोहचुंबक टाचणी ओढताना ती कोणाच्या घरची हे विचारीत नाही. एका वर्गात चाळीस मुले बसली असता दहांना भिंगातून पाहू द्यावे आणि तिसांना बाहेर उभे करावे, हे आमच्याने शिक्षक म्हणून कधी झाले नाही, आणि मंडळासही ते शोभणार नाही. उलट मंडळाच्या नावाने चाललेला उपक्रम साऱ्या गावास उपयोगी पडला, तर ज्ञातीची प्रतिष्ठा वाढेल. ती केवळ सत्काराच्या फलकांनी वाढत नाही.

आणखी एक गोष्ट वधू-वर परिचयासंबंधी. आपल्या विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातही, सिकलसेल हा रक्ताचा आजार अनेक जातिजमातींत आढळतो. तो आईबापांकडून अपत्याकडे येतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर ती स्वतः धडधाकट दिसतात. परंतु त्यांच्या प्रत्येक अपत्यास आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे, आणि रक्ताच्या चाचणीने वाहक कोण ते कळते. असे असता आपण छत्तीस गुण जुळवितो, पण रक्ताची चाचणी विचारावयास संकोचतो. कोणी विचारलीच, तर मुलीस बोल लागतो. हा संकोच व्याख्यानाने जाणार नाही. तो वर्गात जाईल. दोन वाट्यांत सारख्याच संख्येने लाल व पांढरे मणी घ्यावे. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक मणी काढावा, जोडी लिहून ठेवावी आणि मणी परत टाकावे. शंभर वेळा असे केले की, दोन्ही मणी लाल अशी जोडी सुमारे पंचवीस वेळा येते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. आजार हा कोणाचे पाप नाही, मुलीचा दोष नाही, तो मण्यांचा हिशेब आहे, हे ज्या मुलास बाराव्या वर्षी कळले, ते पंचविसाव्या वर्षी रक्ताचा दाखला मागण्यास लाजणार नाही. विज्ञानशिक्षण म्हणजे केवळ गुणपत्रिका नव्हे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आता सूचना. त्या पाच आहेत आणि लहान आहेत.

पहिली : सहल निघण्यापूर्वी शाळेतील एका शिक्षकाने वा शिक्षिकेने विज्ञानकेंद्रास एकट्याने भेट द्यावी, तेथील अधिकाऱ्यांशी बोलावे, आणि अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या पाच-सहाच प्रतिकृती निवडाव्या. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने सोसावा. मुलांनी प्रत्येकी एक प्रश्न वहीत लिहून न्यावा. उत्तर मिळाले तर उत्तर, न मिळाले तर दुसरा प्रश्न घेऊन यावे.

दुसरी : केंद्राचे फिरते प्रदर्शन आपल्या परिसरात यावे, यासाठी मंडळ व शाळा यांनी मिळून रीतसर विनंती करावी. ते येईल तेव्हा आपल्या शाळेची वरच्या वर्गांतील मुले-मुली समजावून सांगण्यास तयार असावी. त्यांत मुलींची संख्या निम्म्याहून कमी नसावी.

तिसरी : मंडळाने एक विज्ञानपेटी करावी. ती एका शाळेत एक महिना राहून पुढच्या शाळेत जावी. तिची किल्ली मुलांजवळ असावी, आणि फुटतूट मंडळाच्या खाती लिहावी. शिक्षकाच्या पगाराची धास्ती एकदा नाहीशी झाली की कुलपे आपोआप उघडतील.

चौथी : पुढील वर्षीच्या सत्कारात गुणांच्या जोडीने एक पारितोषिक उत्तम प्रश्नास आणि एक स्वतः केलेल्या उत्तम प्रयोगास द्यावे. ती पारितोषिके गावच्या कोणत्याही ज्ञातीच्या मुलास खुली असावी.

पाचवी : केलेल्या कामाचा वृत्तांत पुढील स्मरणिकेत छापावा, काय साधले ते, आणि काय फसले तेही. होशंगाबादसारखी आपली गोष्ट एका कागदाने थांबू नये असे वाटत असेल, तर ती गावाच्या वहीत नोंदलेली असली पाहिजे.

हे सर्व सरकारचे काम आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. सरकारने आपले काम करावेच, आणि ते करवून घेण्याचा आपणांस अधिकार आहे. परंतु महेंद्रलाल सरकारांनी सरकारची वाट पाहिली नव्हती. आणि आपल्या या भागातील तलावही लोकांनीच बांधले. पाळ घातली कोणी, आणि त्या पाण्यावर धान पिकविले कोणी! तलाव बांधणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब पुढच्या पिढ्यांवर सोपविला. आपण निदान त्या हिशेबामागील नियम आपल्या लेकरांस शिकवू या.

आमचे वय झाले. खडू सुटला, तरी घसा अजून शाबूत आहे. मंडळाने हे काम हाती घेतले, तर पेटीच्या पहिल्या फेरीस तिच्याबरोबर शाळोशाळी फिरण्यास आम्ही सिद्ध आहोत. त्यासाठी प्रवासखर्चही नको.  या सूचना ठरावाच्या रूपाने सभेपुढे ठेवाव्यात, अशी अध्यक्षांस नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.